मागच्या पाळीचा दोष

शनिवार, दुपारी 2.00

भिलाईच्या पोलाद कारखान्याची फर्स्ट शिफ्ट सुटली की आमच्या सेक्टरच्या रस्त्यावर स्कूटर-मोटरसायकलींची रांग लागते. ती ओसरली आणि मी खेळ सुरू केला. बाबांची या आठवड्यात नाइट होती. आतल्या खोलीत पडदे ओढून ते झोपले होते, म्हणून मी हेडफोन लावले.

खेळ होता सिव्हिलायझेशन सहा, 'गॅदरिंग स्टॉर्म'सह. इसवी सनपूर्व 4000 मध्ये खेळाडूच्या हाती एक सेटलर आणि एक वॉरियर येतो. त्यातून शहरं, शेती, लिपी, सैन्य, कारखाने, अगदी अंतराळयानापर्यंत सगळं उभं करायचं. नेहमीच्या गतीला 500 टर्न असतात. काठिण्याच्या आठ पायऱ्या आहेत आणि शेवटचीचं नाव 'डेइटी', म्हणजे देव. सातवी मी जिंकलो होतो. आठवीवर चार वेळा हरलो होतो. ही पाचवी वेळ. मी भारत घेतला, राजा चंद्रगुप्त.

2.50

टर्न 17. जंगलातून रानटी टोळी आली. गोफणवाल्यानं एक मारला आणि त्या एका बळीनं धनुर्विद्येचं संशोधन बरंच सोपं झालं. दुसरं शहर दोन डोंगरांना टेकून वसवलं, पुढे तिथे विद्यापीठाचा भाग उभारायचा म्हणून. इतकी चांगली सुरुवात मला आजवर मिळाली नव्हती.

3.40

पूर्वेला कोरिया सापडला. राणी सोंदोक.

डेइटीवर संगणक जास्त हुशार होत नाही, त्याला जास्त मिळतं. आपल्याला एक सेटलर, त्याला तीन. आपला एक वॉरियर, त्याचे पाच. उत्पादन आणि सोनं 80 टक्के जास्त, शिवाय प्रत्येक चकमकीत ताकदीचे चार गुण फुकट. काही जण याला लबाडी म्हणतात. मला ते पटत नाही. नियम आधीच सांगितलेले असतात, आणि पहिल्या शंभर टर्नमध्ये ही आघाडी मोडून काढण्यातच त्या पातळीची सगळी गंमत आहे. प्रतिस्पर्धी पुढे आहे हे माहीत असतं, आणि आपल्याकडे फक्त आजचा दिवस असतो.

त्यात कोरिया विज्ञानाचा. त्यांचं विद्यापीठ, सोवोन, टेकडीवर बांधलं की शेजारी डोंगर असो नसो, चार गुण घेऊनच उभं राहतं. सोंदोक शेजारी असेल तर तिला लवकर थांबवावं लागतं, नाहीतर ती थांबत नाही. हे मला ठाऊक होतं. ते ठाऊक असूनही पुढचं घडलं, म्हणून हे सगळं लिहितो आहे.

4.30

टर्न 61. माझे चार वरू, म्हणजे भारताचे लढाऊ हत्ती, कोरियाच्या सीमेवरच्या शहराशेजारी उभे होते. वरूला लोखंड लागत नाही, घोडे लागत नाहीत, आणि शेजारच्या शत्रूची ताकद तो पाच गुणांनी खाली आणतो. शहरात एकच रक्षक होता. तटबंदी नव्हती.

मी हल्ला केला नाही.

कारण असं. चंद्रगुप्ताला प्रदेशविस्ताराचं युद्ध पुकारता येतं. त्यात पहिले दहा टर्न सैन्याला दोन पावलं जास्त आणि पाच गुणांची ताकद मिळते. त्यासाठी 'मिलिटरी ट्रेनिंग' हवं होतं आणि ते थोड्या टर्नवर आलं होतं. चार शहरं एका झपाट्यात घ्यावीत असं मनात आलं. थांबण्यात शहाणपण वाटलं. मी खेळ सेव्ह केला, नाव दिलं 'साडेचार', आणि आईनं दिलेला चहा घेतला.

5.25

तटबंदी दिसली.

6.00

टर्न 78. युद्ध पुकारलं. दोन पावलं जास्त मिळाली, पाच गुण मिळाले, हत्ती धावले आणि भिंतीला धडकले. तटबंदी झालेलं शहर स्वतःच बाण सोडतं. मी भिंत फोडायचा ओंडका आणवला, आणि तो आल्यावर वाचलं की त्याचा उपयोग पायदळाला आणि भालेवाल्यांना होतो. हत्ती अवजड घोडदळात मोजतात, त्यांना त्याचा काही उपयोग नाही. हे आधी वाचायला हवं होतं.

सातपर्यंत तीन वरू गेले. चौथा मागे घेतला. तह झाला.

8.10

इथे खेळ सोडून नवा सुरू करता आला असता. डेइटी खेळणारे बहुतेक जण तेच करतात, आणि त्यात कमीपणा नाही. पण माझी सहा शहरं नीट चालली होती आणि डोंगराकडचं विद्यापीठ जोरात होतं. कोरियाचं विज्ञान माझ्या दुपटीहून थोडं कमी होतं. भरून काढीन असं वाटलं.

9.15

बाबा उठले, जेवले, डबा भरला. ते ब्लास्ट फर्नेसला आहेत, आठ नंबरच्या, महामायेवर. 2018 मध्ये सुरू झालेली, 4,060 घनमीटरची भट्टी. आजोबा विदर्भातून इथे आले तेव्हा पहिली भट्टी उभी राहत होती. सोव्हिएत रशियाशी करार झाला तो फेब्रुवारी 1955 मध्ये, आणि तेव्हा भिलाई ज्या राज्यात होतं त्याची राजधानी नागपूर होती. आमच्यासारख्या घरांना भिलाई परकं कधी वाटलं नाही त्यामागे हेही असेल.

बूट घालताना बाबांनी स्क्रीनकडे पाहिलं. "काय चाललंय?"

मी सांगितलं, विज्ञानात मागे पडलोय, आता सगळ्या शहरांत प्रयोगशाळा आणि कारखाने लावतोय.

ते म्हणाले, "अरे, भट्टीत वरून कोक वाढवला तर त्याचा असर खाली पोचायला सहा-आठ तास जातात. सकाळी लोखंड थंड आलं तर सकाळच्या शिफ्टला बोलून उपयोग नसतो. मागच्या पाळीचं लॉगबुक काढून बघायचं."

मग गाडीची किल्ली घेतली आणि गेले. मी लॉगबुक काढलं नाही. कोक वाढवत राहिलो.

10.00 ते 1.00

या तीन तासांबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. बारूद आली, कोरियाच्या सीमेवर ह्वाचा, म्हणजे त्यांच्या तोफा, उभ्या राहिल्या. मी कोळशाच्या खाणी शोधल्या, कारखान्यांना वीज दिली. मी जे जे केलं ते बरोबरच होतं.

रविवार, रात्री 2.35

टर्न 219. कोरियानं पृथ्वीभोवती उपग्रह सोडला.

माझ्याकडे अजून स्पेसपोर्ट नव्हता. या खेळात विज्ञानाचा विजय चार टप्प्यांत येतो: उपग्रह, चंद्र, मंगळावरची वसाहत आणि शेवटी दूरच्या ताऱ्याकडे मोहीम. पहिला टप्पा झाला की उरलेले फार दूर नसतात.

सेक्टर झोपला होता. संयंत्राचा दूरचा, कधीच न थांबणारा आवाज तेवढा येत होता.

3.30

चंद्र.

दोन हेर पाठवले. काम एकच, स्पेसपोर्टची मोडतोड. पहिला पकडला गेला. दुसऱ्याला जमलं. स्पेसपोर्ट काळवंडला आणि मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. जिंकेन असं दुपारनंतर प्रथमच खरोखर वाटलं.

पाच टर्नमध्ये त्यांनी तो दुरुस्त केला. 80 टक्के जास्त उत्पादन म्हणजे काय, हे तेव्हा अंगावर आलं.

4.25

मंगळ. याच वेळी माझा पहिला उपग्रह गेला. एरवी टाळ्या वाजवल्या असत्या.

आता युद्धाशिवाय मार्ग नव्हता. मी सैन्य पूर्वेला हलवलं. टर्न 61 ला जे शहर एका रक्षकावर उभं होतं, तेच पहिलं आडवं आलं. आता तिथे तोफा होत्या, विमानं होती. स्पेसपोर्ट त्याच्यामागे आणखी दोन शहरं ओलांडून.

5.05

टर्न 271. मोहीम निघाली. ताऱ्यापर्यंतचं अंतर 50 प्रकाशवर्षं. एका टर्नला एक प्रकाशवर्ष, पण लेझर केंद्रं बांधली की प्रत्येक केंद्रामागे वेग एकानं वाढतो. आणि एकदा निघालेलं यान परत आणता येत नाही. स्पेसपोर्ट जाळला तरी ते जातच राहतं.

मोहीम बघणं मात्र सुंदर असतं. हे मला सांगायलाच हवं. हजारो वर्षांपूर्वी टेकडीवर चार झोपड्या घेऊन बसलेली एक वस्ती तारे गाठायला निघते. हरणारालाही ते दिसतं.

5.20

उरलं 41. सीमेवरचं शहर घेतलं.

5.32

उरलं 26. त्यांचा वेग चार झाला. दुसऱ्या शहराला वेढा.

5.41

उरलं 14. वेढा फुटला. माझे रणगाडे इंधनावाचून थबकले होते, तेल संपलं होतं.

5.49

उरलं 4. हलवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. मी सगळी शहरं एकदा फिरून पाहिली. डोंगराला टेकलेलं दुसरं शहर, दुपारी 2.50 चं, आता सगळ्यांत मोठं झालं होतं. 'नेक्स्ट टर्न' दाबलं.

5.52

पराभव.

6.25

बाबा आले तेव्हा मी तिथेच बसून होतो. त्यांच्या शर्टाला भट्टीचा वास होता. त्यांनी हात-पाय धुतले, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि प्लास्टिकची खुर्ची ओढून शेजारी बसले. मी सगळं सांगितलं, उपग्रह, हेर, तेल. ते मध्ये काही बोलले नाहीत.

"मागच्या पाळीचं दाखव," ते म्हणाले.

मी 'साडेचार' उघडला. टर्न 61. हिरवं मैदान, उघडं शहर, एक रक्षक, चार वरू. बाबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि पडद्याजवळ वाकले.

"हे हत्ती उभे का आहेत?"