भरती बंद : १८९२

सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने कंत्राटी भरतीचा जी. आर. काढला. नऊ खाजगी कंपन्या सरकारला माणसं पुरवणार होत्या. पोरं रस्त्यावर आली. यात आरक्षण कुठाय, असं रोखठोक विचारलं. ऑक्टोबरात सरकारला तो जी. आर. मागे घ्यावा लागला. त्या दिवसांत एका पोराने मला विचारलं, सरकारी नोकरी काढून घेतली म्हणून आपली माणसं पहिल्यांदा कधी भांडली? त्याला वाटलं मी एखाद्या संपाचं नाव सांगेन. मी म्हणालो, दापोली.

दापोलीला लष्करातून पेन्शनीत निघालेल्या महार शिपायांची वस्ती होती. बॉम्बे आर्मीत आपली माणसं पिढ्यान्‌पिढ्या होती. कोरेगावच्या खांबावर 'नाक' लावलेली बावीस नावं आहेत, ती काय हवेतून आली? पण १८५७ नंतर साहेबाचं डोकं फिरत गेलं. लॉर्ड रॉबर्ट्‌स १८८५ ते १८९३ हिंदुस्थानचा सरसेनापती होता. त्याच्या काळात 'लढाऊ जाती' नावाचं खूळ जोरात आलं. अमुक जात लढवय्यी, तमुक जात नाही. १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. कुणी त्याला 'कपात' म्हटलं नाही. धोरण म्हटलं. आजही 'कपात' हा शब्द कुठल्या फायलीत सापडतो का बघा.

यात बुडालं काय? पगार तर बुडालाच. पण पलटणीत शाळा होती. शिपायाला शिकावंच लागे, त्याच्या पोरापोरींनाही शिकवत. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार महूच्या लष्करी नॉर्मल स्कूलचे हेडमास्तर होते. गावात मात्र महाराच्या पोराला शाळेच्या ओट्यावरसुद्धा कुणी बसू देईना. म्हणजे नोकरीचं दार लागलं तसं अक्षराचंही दार लागलं. त्याच दापोलीत, त्याच १८९२ साली, याच पेन्शनर बाप्यांनी आपल्या मुलांना म्युनिसिपल शाळेत घ्या म्हणून अर्ज केला होता. दोन्ही भांडणं एकाच वस्तीतली. ती वेगळी काढून वाचू नका.

महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे हवालदार होऊन १८८६ मध्ये निवृत्त झाले. फुल्यांच्या विचारातला माणूस. 'विटाळ विध्वंसन' १८८८ चं, 'अनार्य दोष परिहारक मंडळी' त्यानंतरची. १८९४ साली त्यांनी भरती पुन्हा सुरू करा म्हणून सरसेनापतीच्या नावाने विनंतीपत्र लिहिलं. त्यात त्यांनी काय मांडलं? आम्ही मूळचे क्षत्रिय, महादुर्गादेवीच्या दुष्काळात नको ते खाल्लं म्हणून खाली ढकलले गेलो.

हे वाचून आपल्यातले काही जण नाक मुरडतात. क्षत्रिय कशाला व्हायचं म्हणतात. मलाही ते पटत नाही. पण थोडं थांबा. साहेबाने प्रश्नच असा टाकला होता की तुम्ही लढाऊ जातीचे आहात का. वलंगकरांनी त्या पेपरात बसून उत्तर लिहिलं. पेपरच चुकीचा आहे हे म्हणायला मागे ताकद लागते, संघटना लागते. त्यांच्यामागे काय होतं? म्हातारे पेन्शनर, आणि पेन्शन जाईल ही भीती.

पुढचा अर्ज बटलरचा. शिवराम जानबा कांबळे पुण्याच्या मेसॉनिक हॉलमध्ये बटलर होते. दिवसभर साहेबांच्या बशा उचलायच्या आणि वर 'सोमवंशीय मित्र' नावाचं मासिक चालवायचं. १९१० मध्ये जेजुरीला परिषद भरवून त्यांनी थेट विलायतेतल्या भारतमंत्र्याकडे अर्ज धाडला. मागणी काय? सरकारी नोकरीच्या खालच्या जागा, पोलिसात शिपाई, लष्करात शिपाई. मोठं पद मागितलंच नाही. एवढंच मागायला विलायतेपर्यंत जावं लागलं! पण इथे चाल बदलली होती. आता फक्त पलटण नाही, सगळी सरकारी नोकरी मागायची. आणि एकट्याने नाही, परिषद भरवून.

पहिल्या महायुद्धात साहेबाला माणसं कमी पडली. मग १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. 'लढाऊ जाती'चं शास्त्र तेवढ्यापुरतं कुठे गेलं कोण जाणे! युद्ध संपलं, १९२१ मध्ये पलटण मोडली. गरज सरली आणि काय! कंत्राटावरची माणसं दुसरी कशी असतात?

१ जानेवारी १९२७ ला कोरेगावच्या खांबापाशी कांबळ्यांनी सभा भरवली, बाबासाहेब तिथे आले. जुलै १९४१ मध्ये बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर गेले आणि आत बसून त्यांनी हा विषय रेटला. १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. टोपीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा खांब. वलंगकर वारले १९०० साली.