मार्फन सिंड्रोम : संयोजी ऊतींच्या आनुवंशिक विकाराचा वैद्यकीय इतिहास

प्रस्तावना :
रोगाला नाव मिळणे आणि रोगाचे आकलन होणे या दोन भिन्न घटना आहेत. मार्फन सिंड्रोम या संयोजी ऊतींच्या आनुवंशिक विकाराचा इतिहास याची साक्ष देतो. या विकारात अस्थी, नेत्र आणि हृदय व रक्तवाहिन्या बाधित होतात. परंतु ज्या इंद्रियसंस्थेमुळे प्रामुख्याने मृत्यू ओढवतो, तिच्याकडे वैद्यकशास्त्राचे लक्ष सर्वांत उशिरा गेले. या विलंबाची मीमांसा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

अस्थी व नेत्र :
पॅरिसमधील बालरोगतज्ज्ञ आंत्वान मार्फां यांनी १८९६ मध्ये पाच वर्षांच्या एका मुलीच्या असाधारण लांब व सडपातळ हातापायांचे वर्णन केले. ते अस्थिसंस्थेपुरतेच मर्यादित होते. १९१४ मध्ये नेत्रभिंग जागेवरून सरकण्याचा या विकाराशी संबंध जोडला गेला, तर १९३१ मध्ये नेदरलँड्समधील नेत्रतज्ज्ञ वेव्ह यांनी त्याचे आनुवंशिक स्वरूप स्पष्ट केले. विशेष म्हणजे, मार्फां यांच्या त्या बालरुग्णाला याच्याशी साम्य असलेला दुसराच विकार असावा, असे मत पुढील काळात अनेक अभ्यासकांनी मांडले.

हृदयाचा शोध :
महारोहिणीच्या मुळाशी होणारा फुगवटा आणि तिची भित्ती चिरली जाणे यांचा या विकाराशी असलेला संबंध १९४३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या दोन अहवालांतून पुढे आला. लांब बोटे डोळ्यांना दिसतात. महारोहिणी मात्र छातीत दडलेली असते. शिवाय अस्थी, नेत्र व हृदय यांचे तज्ज्ञ वेगवेगळे होते. जॉन्स हॉपकिन्स येथील हृदयरोगतज्ज्ञ व्हिक्टर मॅक्युसिक यांनी एकेका रुग्णाऐवजी संपूर्ण कुटुंबांचा अभ्यास केला. या तिन्ही लक्षणांच्या मुळाशी संयोजी ऊतींतील एकच दोष असावा, हा विचार त्यांनी १९५५ मधील निबंधात व १९५६ मधील ग्रंथात मांडला.

ज्ञानापासून उपचारापर्यंत :
महारोहिणीचा आरंभीचा भाग व झडप एकत्रितपणे बदलण्याची शस्त्रक्रिया बेंटॉल व डी बोनो यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केली. तरीही १९७२ च्या एका अभ्यासात या रुग्णांचे मृत्यूसमयीचे सरासरी वय अवघे ३२ वर्षे आढळले. जानेवारी १९८६ मध्ये ऑलिंपिक रौप्यपदक विजेती अमेरिकन व्हॉलीबॉलपटू फ्लो हायमन ३१ व्या वर्षी जपानमध्ये सामन्यादरम्यान मृत्यू पावली. निदान झाले ते शवविच्छेदनानंतर. जी उंची रोगाचे चिन्ह ठरू शकली असती, तीच क्रीडाक्षेत्रात गुणवत्ता ठरली होती.

१९८६ मध्येच फायब्रिलिन या प्रथिनाचा शोध लागला आणि १९९१ मध्ये पंधराव्या गुणसूत्रावरील त्याच्या जनुकातील उत्परिवर्तन सिद्ध झाले. मॅक्युसिक यांच्या अनुमानाला अशा रीतीने रेणूच्या पातळीवर आधार मिळाला. प्रोप्रॅनोलॉल या औषधाने महारोहिणीचा फुगवटा मंदावतो, असे १९९४ मध्ये दिसून आले. १९९५ च्या अभ्यासानुसार, निम्मे रुग्ण ज्या वयापर्यंत जगण्याची शक्यता असते, ते वय १९७२ मधील ४८ वरून ७२ वर्षांपर्यंत वाढले.

निष्कर्ष :
वरील विवेचनावरून असे स्पष्ट होते की, जनुकाचा शोध लागण्यापूर्वीच कुटुंबाभ्यास, शस्त्रक्रिया व औषधोपचार यांनी आयुर्मान वाढविण्याचा पाया घातला होता. विखुरलेली लक्षणे एकत्र वाचली जाईपर्यंत मात्र जवळजवळ सहा दशके लोटली. ज्ञानशाखांमधील अंतराची किंमत कधी कधी मानवी आयुष्याने मोजावी लागते, हाच या इतिहासाचा बोध होय.