पाकीट आणि पत्र

झाशीहून कानपूरला जाणाऱ्या लोहमार्गावर चिरगाव मागे पडले की पुढे मोठ हे स्टेशन लागते. माझे वडील तिथे सहायक स्टेशनमास्तर होते. आमचे घर झाशीतल्या जुन्या मराठी घरांपैकी. घरात मराठी, दाराबाहेर बुंदेली आणि शाळेत हिंदी, अशा तीन भाषांत मी वाढले. पुढे तौलनिक साहित्यात एम.ए. केले आणि अनुवाद हाच व्यवसाय झाला.

तेव्हा मोठवरून एकेरी मार्ग होता. बाबांच्या टेबलाशेजारी एक अवजड लोखंडी यंत्र असे. गाडी पुढे सोडायची तर आधी शेजारच्या स्टेशनला ठरलेल्या घंट्या देऊन विचारायचे. मार्ग मोकळा असला तर तिकडचा माणूस तशी संमती द्यायचा आणि मगच इकडच्या यंत्रातून टोकनचा गोळा सुटायचा. तो गोळा हातात आल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवीत नसे. पुढच्या स्टेशनच्या यंत्रात तो पडेपर्यंत दुसरा गोळा कुठल्याच बाजूने निघत नसे. शेजारच्या स्टेशनवर कधी बंगाली बाबू असत, कधी मलयाळी, कधी कानपूरकडचे शुक्लाजी. त्यांची भाषा बाबांना यावी लागत नव्हती. घंट्यांचा अर्थ दोघांना एकच कळत होता, तेवढे पुरत होते.

निवृत्तीनंतर, 2002 मध्ये, बाबांनी मोठच्या आठवणी मला सांगितल्या आणि मी त्या संगणकावर उतरवून घेतल्या. साठेक पाने झाली. बाबा आता नाहीत. गेल्या वर्षी ती सीडी लावली, फाइल उघडली, आणि पडद्यावर रोमन अक्षरांचा सडा पडला. फाइल शाबूत होती, एकही अक्षर गळले नव्हते. फक्त वाचता येत नव्हती. असे का झाले, हे शोधता शोधता मी संगणकांनी एकमेकांशी बोलायला कसे शिकले, या इतिहासापाशी पोचले.

सत्तरच्या दशकात अमेरिकेत संगणकांची जाळी अनेक होती आणि प्रत्येकाचे नियम निराळे. एक तारेवर चालणारे, एक रेडिओलहरींवर, एक उपग्रहावर. व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी 1974 मध्ये यावर जो तोडगा मांडला, तो अनुवादकाला लगेच पटावा असा आहे. कुठल्याही जाळ्याने आपला अंतर्गत कारभार बदलायचा नाही. दोन जाळ्यांच्या सीमेवर मध्यस्थ यंत्र ठेवायचे. मजकुराचे तुकडे करून प्रत्येक तुकडा ठरलेल्या नमुन्याच्या पाकिटात घालायचा, आणि मध्यस्थाने फक्त पाकिटावरचा पत्ता वाचून ते पुढे ढकलायचे. आत काय आहे, याच्याशी त्याला देणेघेणे नाही. संभाषण सुरू करतानाही आधी विचारणा, मग होकार, मग होकाराची पोच, अशी तीन पावले. हे वाचताना मला बाबांच्या घंट्याच ऐकू आल्या. 1 जानेवारी 1983 रोजी अर्पानेट या जाळ्याने जुने नियम सोडून ही पद्धत स्वीकारली. टीसीपी-आयपी म्हणतात ती हीच.

भारतात ही गोष्ट मुंबईत जुहूला सुरू होते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून वेगळ्या झालेल्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राचे, म्हणजे एनसीएसटीचे, प्रमुख होते श्रीनिवासन रमणी. 1986 मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या मदतीने 'अर्नेट' प्रकल्प हाती घेतला. एनसीएसटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, दिल्ली, मुंबई, कानपूर, खरगपूर व मद्रास येथील आयआयटी आणि स्वतः तो विभाग, असे आठ भागीदार. एकाचे यंत्र दुसऱ्यासारखे असेलच, असा भरवसा नव्हता.

सुरुवात साध्या टेलिफोनवर झाली. 1986–87 मध्ये एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात पहिली ई-पत्रे गेली, ती यूयूसीपी पद्धतीने. एका संगणकाने दुसऱ्याला फोन लावायचा, साठलेली पत्रे द्यायची, तिकडची घ्यायची आणि फोन ठेवायचा. फोन लागला नाही तर पत्रे पडून राहत, पुन्हा प्रयत्न होई. पुढे जुहूहून अमेरिकेतल्या व्हर्जिनियापर्यंत भाड्याची लाइन मिळाली. वेग सेकंदाला 9,600 बिट. आज मोबाइलवर काढलेला एक फोटो त्या लाइनवरून जायला तास लागला असता. तेवढ्यावर आठ संस्थांचा जगाशी पत्रव्यवहार चालत होता.

त्या काळी दोन पंथ होते. एक टीसीपी-आयपीचा, वापरातून घडत गेलेला. दुसरा ओएसआयचा, आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने सात थरांत आखलेला, सगळे आधीच ठरवून ठेवणारा. सरकारांचा ओढा दुसऱ्याकडे होता. अर्नेटने दोन्ही चालवून पाहिले आणि 1995 नंतर कारभार जवळजवळ पूर्णपणे टीसीपी-आयपीवर आला. त्याच वर्षी 15 ऑगस्टला विदेश संचार निगमने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुले केले. ज्या पद्धतीने सहभागी होणाऱ्यांकडून कमी मागितले, ती टिकली.

पण या कमी मागण्याची एक किंमत होती आणि ती आपल्या लिपीने मोजली. पाकिटाचे ठरले, पत्राचे नाही. त्यातून ई-पत्राच्या 1982 च्या नियमांत मजकूर सात बिटांच्या अमेरिकी सांकेतिक तक्त्यातलाच असेल, असे गृहीत धरले होते. त्या तक्त्यात 128 जागा. त्यांत रोमन अक्षरे, आकडे आणि विरामचिन्हे बसली. देवनागरीला जागाच नव्हती. म्हणून जुहूहून पवईला मराठी माणसाने मराठी माणसाला लिहिले तरी एक तर इंग्रजीत, नाही तर रोमन लिपीत मराठी. अमेरिकेतल्या मराठी मंडळींचीही तीच गत होती. अविनाश चोपडे यांनी 'आयट्रान्स' हा लिप्यंतराचा कार्यक्रम तयार केला, तेव्हा रोमन कळांनी लिहून देवनागरीत छापण्याची सोय झाली.

खरे उत्तर मोठहून फार दूर नव्हते. आमच्याच लोहमार्गाच्या दुसऱ्या टोकाला, आयआयटी कानपूरमध्ये, प्रा. आर. एम. के. सिन्हा आणि त्यांचे विद्यार्थी मोहन तांबे ऐंशीच्या दशकात संगणकाला भारतीय लिपी शिकवीत होते. तांबे पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये गेले आणि तिथे 'जिस्ट' तंत्रज्ञान वाढले. त्यामागचा विचार असा की संगणकाने अक्षराचे चित्र साठवू नये, अक्षर साठवावे. 'कि' पडद्यावर दिसताना वेलांटी आधी येते, पण आपण उच्चारताना 'क' आधी म्हणतो. म्हणून साठवतानाही क आधी, वेलांटी मागून. या विचारावर उभी असलेली 'इस्की' ही संकेतप्रणाली 1991 मध्ये भारतीय मानक झाली. युनिकोडने आपला देवनागरीचा तक्ता तिच्याच 1988 च्या आवृत्तीवरून घेतला.

म्हणजे करार होता. पण बाजार त्याची वाट पाहत थांबला नाही. पत्रिका छापणारे, टंकलेखक, वकिलांचे कारकून यांना आजच कागद हवा होता. त्यांच्यासाठी आले फॉन्ट. रोमन अक्षराच्या जागी देवनागरीचा तुकडा चिकटवायचा आणि टंकलेखन यंत्राच्या सवयीने कळा दाबायच्या. संगणकाच्या लेखी मी बाबांच्या आठवणींत 'मोठ' लिहिलेच नव्हते. मी लिहिले होते ई, के, एस, बी. म आधी, मग काना, मग मात्रा, मग ठ. छापलेल्या कागदावर ते देवनागरी दिसत होते, इतकेच.

अशा फाइली बदलून देणारी साधने आता फुकट मिळतात. मी ती वापरली आणि बाबांची पाने पुष्कळशी परत आली. काही अक्षरे मात्र आली नाहीत. माझा फॉन्ट हिंदीसाठी केलेला होता. मराठीची अक्षरे त्यात झाशीतल्या एका दुकानदाराने माझ्या सांगण्यावरून, रिकाम्या सापडलेल्या जागांवर बसवून दिली होती. त्या जागा त्याला आणि मला ठाऊक. जगातल्या कुठल्याच तक्त्यात त्यांची नोंद नाही. मलाही आता आठवत नाहीत. त्यामुळे जिथे जिथे ळ होता, 'दुसऱ्या'तला ऱ्य होता, तिथे चौकोन आणि चिन्हे उभी आहेत.

सध्या मी रोज दोन पाने हाताने दुरुस्त करते. काम सोपे आहे, कारण संदर्भावरून शब्द कळतो. पण बाबा 'लाइन क्लिअर' असे क्वचितच म्हणत. त्यांचा शब्द 'मोकळा' होता. मार्ग मोकळा, सिग्नल मोकळा, मालगाडी गेली आणि स्टेशन मोकळे झाले. साठ पानांत तो शब्द जागोजाग येतो, आणि प्रत्येक ठिकाणी नेमका मधेच तुटलेला आहे. बदलणाऱ्या साधनाला एकच सूचना देऊन ते सगळे एका दमात दुरुस्त करता येतील, हे मला माहीत आहे. पण मी एकेक ळ हातानेच भरते आहे.