परीक्षकांना न रुचलेले शहर : तोनी गार्नियेचा आराखडा

१/ वास्तुकलेच्या महाविद्यालयात ‘ज्यूरी’ हा शब्द उच्चारला की भल्याभल्यांच्या पोटात गोळा येतो. भिंतीवर आराखडे, समोर परीक्षक आणि मधे रात्रभर जागलेला विद्यार्थी. ही पद्धत पॅरिसच्या ‘एकोल दे बोझार’ या कलाशाळेच्या परंपरेतून जगभर पसरली. त्याच शाळेतून आलेल्या एका तरुणाने शहर कसे असावे याचा आराखडा मांडला आणि तो परीक्षकांना रुचला नाही. त्या आराखड्याचे पुढे काय झाले, याची ही हकिकत.

२/ तोनी गार्नियेचा जन्म १८६९ चा, फ्रान्समधील लियों शहरातला. वडील रेशमी कापडावरील नक्षीचे आरेखक. क्र्वा-रूस या ज्या विणकरांच्या वस्तीत तो वाढला, तिने १८३१ आणि १८३४ मध्ये मजुरीच्या प्रश्नावर उठाव केले होते. कारखाना, श्रम आणि कोंदट घरे हे विषय त्याला पुस्तकातून शिकावे लागले नाहीत.

३/ अनेक प्रयत्नांनंतर १८९९ मध्ये त्याने ‘प्री द रोम’ हा फ्रान्समधील सर्वोच्च विद्यार्थी-सन्मान मिळवला. विषय होता सरकारी बँकेचे मुख्यालय. विजेत्याला सरकारी खर्चाने रोमच्या व्हिला मेदिचीत काही वर्षे राहता येई. अट एकच : प्राचीन अवशेषांची मोजमापे घ्यायची, त्यांची आरेखने पॅरिसला पाठवायची आणि कला अकादमीचा अभिप्राय स्वीकारायचा.

४/ १९०१ मध्ये गार्नियेने रोममधील ताब्युलारियम या प्राचीन वास्तूचे आरेखन पाठवले खरे. पण सोबत शेरा जोडला की, प्राचीन वास्तुकला ही मुळातच चूक होती. त्याच सुमारास त्याने एका काल्पनिक ‘औद्योगिक नगरा’चा आराखडाही सादर केला. अकादमीची नाराजी ओढवायला एवढे पुरेसे होते.

५/ काय होते त्या नगरात? वस्ती सुमारे ३५,०००. कारखाने, घरे आणि रुग्णालये यांसाठी स्वतंत्र विभाग. धरणातून वीज. बांधकाम मुख्यतः सलोह काँक्रीटचे. झोपण्याच्या प्रत्येक खोलीला दक्षिणेकडे किमान एक खिडकी, कारण युरोपात ऊन दक्षिणेकडून येते. निवासी जमिनीचा निम्म्याहून अधिक भाग मोकळा, कुंपणाविना आणि पादचाऱ्यांना खुला.

६/ काय नव्हते, हेही तितकेच बोलके. चर्च नाही, तुरुंग नाही, न्यायालय नाही, लष्करी छावणी नाही. जमीन समाजाच्या मालकीची झाली की या संस्थांची गरज उरणार नाही, असा त्यामागचा विश्वास. एमिल झोलाच्या ‘त्राव्हाय’ (श्रम) या कादंबरीची छाप इथे स्पष्ट आहे. तो विश्वास भाबडा होता. पण खिडकी, ऊन आणि चालायची वाट यांचा हिशेब भाबडा नव्हता.

७/ येथे ‘द्रष्टा विद्यार्थी आणि मूर्ख परीक्षक’ असा सोपा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो टाळावा. अकादमीने शिष्यवृत्ती दिली होती ती प्राचीन वास्तूंच्या अभ्यासासाठी, आणि गार्नियेनेही अखेर ती अट पाळली. तुस्कुलुम या प्राचीन नगराचे पुनर्रचनाचित्र त्याने पूर्ण केले. १९०४ मध्ये ते आणि त्याचे औद्योगिक नगर, दोन्ही प्रदर्शनात मांडले गेले. अट पाळूनही त्याने आपला प्रश्न सोडला नाही.

८/ दुसरा अभिप्राय आला तो लियोंमधून. १९०५ मध्ये एदुआर एरियो महापौर झाला आणि त्याने गार्नियेला कामे दिली. पहिले मोठे काम होते गुरांचा बाजार आणि कत्तलखाना! त्याचे मुख्य दालन २१० मीटर लांब, ८० मीटर रुंद, आणि आत एकही खांब नाही. पुढे ग्रांज-ब्लांश रुग्णालय आणि जेर्लांचे क्रीडांगण उभे राहिले. स्वप्ननगराचा रचनाकार आता निधी, नाले आणि निविदा यांच्याशी झुंजत होता.

९/ इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे जरा थांबावे. गार्नियेचा ग्रंथ प्रसिद्ध झाला १९१७ मध्ये. आज आपण जी चित्रे पाहतो ती या ग्रंथातली. म्हणजे मधल्या काळात सुधारलेली, वाढवलेली. रुग्णालय, क्रीडांगण, कत्तलखाना यांच्या प्रत्यक्ष कामाचा अनुभव त्यांत मुरलेला आहे. त्यामुळे संपूर्ण ग्रंथाला ‘१९०१ चा विद्यार्थी-आराखडा’ म्हणणे चूक. खऱ्या शहराने दिलेला अभिप्राय कल्पनेतल्या शहरात जाऊन बसला आहे.

१०/ कामगारांसाठी घरे बांधण्याची संधी आली ती महायुद्धानंतर, लियोंच्या ‘एताझ-युनी’ वसाहतीत. मोकळ्या जागा, झाडे आणि उजेड आले. पण खर्चाचा मेळ घालण्यासाठी इमारती मूळ बेतापेक्षा उंच कराव्या लागल्या. परीक्षकांनी जे बदलले नाही, ते अंदाजपत्रकाने बदलले.

११/ तिसरा अभिप्राय सर्वांत उशिरा आला : तेथे राहणाऱ्यांचा. १९८० च्या दशकात वसाहत जीर्ण झाली होती. भाडेकरूंनी एकत्र येऊन दुरुस्तीचा आग्रह धरला आणि इमारतींच्या आंधळ्या भिंतींवर भव्य चित्रे रंगवून घेतली. त्यांतील अनेक भिंतींवर आहे तेच औद्योगिक नगर. गार्निये १९४८ मध्येच वारला होता.

१२/ अकादमीने विचारले, नियमात बसते का? महापौराने विचारले, बांधता येईल का? येथे राहणे कसे आहे, हे मात्र रहिवाशांना पन्नासएक वर्षे कोणी विचारलेच नाही; शेवटी ते त्यांनी आपणहून सांगितले. ३५,००० माणसांसाठी नगर रेखाटणाऱ्या गार्नियेलाही त्यांतल्या एकाचे मत घ्यावेसे वाटले नव्हते. त्याच्या आराखड्यातली खरी उणीव हीच, आणि ती दाखवून देणारा परीक्षक त्या काळी कोणत्याही ज्यूरीवर नव्हता.