अनामिकाची हाक



ज्या हेडमास्तरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली मी याच शाळेत मराठी शिकलो. वर्गाच्या दारातून कोणी "आत येऊ का?" असे विचारले, तर ते वहीतून मान वर न करता म्हणत, "आधी नाव सांग." नंबर झाकून आलेला दूरध्वनी घ्यावा की घेऊ नये, हा आजचा विषय काहींना व्याख्यानमालेच्या इभ्रतीला न शोभणारा वाटेल. मला मात्र तो हेडमास्तरांच्या त्या तीन शब्दांचाच विस्तार वाटतो.

शहापुरातल्या आमच्या घरी आजीचा एक दंडक होता. तिन्हीसांजेनंतर बाहेरून कोणी नावाने हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. तीन हाका होऊ द्यायच्या. भुताला तिसरी हाक मारता येत नाही, अशी तिची समजूत. पुढे 1990 च्या दशकात कर्नाटकात कित्येक घरांच्या दारांवर 'नाळे बा', म्हणजे 'उद्या ये', असे लिहिलेले असे. आप्ताच्या आवाजात हाक मारणाऱ्या हडळीला परतवण्याचा तो उपाय. सुशिक्षित म्हणून आम्ही त्याला हसलो. आज ते हसू मला आवरते घ्यावे लागते.

2018 च्या हिवाळ्यात मी थोरल्या मुलीकडे इंग्लंडात होतो. जावई सायकलने कामावर गेलेले. दुपारी मुलीचा भ्रमणध्वनी वाजला. पडद्यावर नंबर नव्हता, तो झाकला असल्याची सूचना तेवढी होती. ती हात पुढे करीत होती, मीच म्हणालो, "राहू दे गं, कुणीतरी काही विकत असेल." असे चार वेळा झाले. पाचव्या वेळी तिने माझ्याकडे न पाहता फोन उचलला. तो रुग्णालयाचा होता. तिकडच्या पुष्कळ रुग्णालयांतून येणारा फोन नंबर झाकूनच येतो. उपचाराची गोष्ट घरातल्या दुसऱ्या कोणाला कळू नये, हा त्यातला एक हेतू. बर्फावरून सायकल घसरली होती. आम्ही पोहोचलो तेव्हा जावयांना शस्त्रक्रियेसाठी आत नेले होते. ते वाचले. पण आत जाताना त्यांच्याजवळ आपले माणूस कोणी नव्हते, आणि ते माझ्यामुळे.

मायदेशी परतल्यावर मी माझ्या जुन्या अभ्यासाकडे या नजरेने पुन्हा पाहिले. माझ्या प्रबंधाचा विषय ऐतिहासिक पत्रव्यवहाराची भाषा हा होता. मराठेशाहीतले पत्र उघडले की ज्याला लिहिले त्याचे मानाचे मायने, त्यामागोमाग लिहिणाऱ्याचे नाव, मग नमस्कार आणि कुशल. कामाची गोष्ट त्यानंतर. राजपत्रावर आरंभी शिक्का आणि अखेरीस मोर्तब, म्हणजे मागाहून कोणी ओळ घुसडू नये. कोण बोलतो आहे हे कळण्यापूर्वी काय बोलतो आहे हे ऐकायचे नाही, अशी ती सारी व्यवस्था होती. मायन्यांना पाल्हाळ म्हणून नाके मुरडणाऱ्यांत तरुणपणी मीही होतो.

तरीही नाव सांगितले म्हणजे ते खरेच असते असे नाही. पानिपतावर 1761 साली पडलेल्या सदाशिवरावभाऊंचे नाव घेऊन सुखनिधान नावाचा कनोजा ब्राह्मण पुढे आला. रत्नागिरीच्या कैदेतून 1776 साली तो सुटला, कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले, सरदार-शिलेदार त्याला मिळू लागले. त्याच वर्षी तो पकडला गेला आणि पुण्यात त्याला देहान्त प्रायश्चित्त मिळाले. 'तोतया' म्हटले की मराठी माणसाला आजही प्रथम तोच आठवतो. इतक्यांनी त्याच्यावर विश्वास का ठेवला? भाऊसाहेब जिवंत असावेत, असे त्यांना मनापासून वाटत होते म्हणून. आजचा भामटाही आपल्या भीतीइतकाच आपल्या मायेचा उपयोग करतो.

आता टपालाकडे वळू. 1840 पूर्वी इंग्लंडात टपालाचा आकार बहुधा पत्र घेणाऱ्याने भरायचा, आणि न परवडल्यास पत्र नाकारता येई. कवी कोलरिजने सांगितलेली एक हकिगत प्रसिद्ध आहे. एक गरीब बाई भावाचे पत्र परत पाठवीत होती. त्याने दया येऊन पैसे भरले. आतला कागद कोरा! ठरल्या मुदतीला पत्र आले म्हणजे भाऊ खुशाल आहे, एवढाच त्यांचा संकेत. आपल्याकडे 1 ऑक्टोबर 1854 पासून अंतर कितीही असो, पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा असा दर झाला. तिकीट न लावलेल्या पत्राला घेणाऱ्याकडून दुप्पट वसूल करीत. तेच आपले 'नॉटपेड' पत्र. दारात पोस्टमन उभा, हातात पाकीट, आणि पैसे भरून ते घ्यावे की परत करावे हा पेच. 1995 साली भारतात भ्रमणध्वनी आला तेव्हा हाच पेच परतला. येणाऱ्या फोनलाही पैसे पडत. मिनिटाला 16 रुपये 80 पैसे ही कमाल मर्यादा होती. आपण 'मिस्ड कॉल' देऊ लागलो तो त्या कोऱ्या कागदाचाच अवतार. 2003 साली येणारे फोन फुकट झाले, आणि त्याबरोबर अनोळखी माणसाला ऐकून घेण्याची किंमतही दिसेनाशी झाली. ती संपली मात्र नव्हती.

या दोहोंच्या मध्ये एक सुखाचा काळ होऊन गेला. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे 1882 साली दूरध्वनी केंद्रे सुरू झाली, पण आमच्या गल्लीत माझ्या लहानपणी एकच फोन होता, समोरच्या सराफांच्या पेढीवर. आमच्या पत्त्याखाली 'पी. पी.' लिहून त्यांचाच नंबर असे. ट्रंक कॉल साधा, अर्जंट वा लाइटनिंग, कसाही असो, आधी ऑपरेटर बोले: "पुण्याहून कॉल आहे, बोला." मग सराफांचा गडी धावत येई. दोन माणसांनी खात्री केलेला आवाज आमच्या कानी पडे. (त्या दोघांना आमची सारी गुपितेही ठाऊक असत, हे कृतज्ञतेच्या भरात विसरू नये.) 1960 साली कानपूर-लखनौ मार्गावर ग्राहकाला थेट परगावी नंबर फिरवता येऊ लागला आणि ऑपरेटर मधून सरकू लागला. "कोण बोलतंय?" "आपण कोण?" ही आपली राष्ट्रीय जुगलबंदी तेव्हापासूनची असावी. त्यात "ओळखलं नाही का?" असे विचारणारे आप्त. त्यांच्या लाडिक सवयीने आपल्याला नाव सुचवायला शिकवले; तेच आज चोरांच्या कामी येते.

फोन करणाराचा नंबर दाखवण्याची सेवा अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये 1987 साली आली, तेव्हा वाद पेटला तो उलट्या बाजूने. अश्लील फोनांनी छळलेल्या स्त्रियांना ती हवी होती. मारकुट्या नवऱ्यापासून लपून राहणाऱ्या स्त्रियांच्या दृष्टीने तीच सेवा धोक्याची. पेनसिल्व्हेनियातल्या न्यायालयाने 1990 साली ती बेकायदा ठरवली. ब्रिटनमध्ये 1994 साली नंबर दिसू लागला, त्यासोबतच 141 फिरवून तो झाकण्याची सोयही दिली गेली. म्हणजे नंबर झाकणारा लबाडच, हे गृहीत इतिहासाला मान्य नाही. आपल्याकडे सामान्य ग्राहकाला ही सोय सहजी मिळत नाही. इथे खरा घोर आहे तो खोट्या नंबराचा. परदेशातून येणारे, पण भारतीय नंबर मिरवणारे फोन अडवण्याची यंत्रणा सरकारने ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू केली. त्याच महिन्यात 'डिजिटल अरेस्ट'च्या फसवणुकीविषयी पंतप्रधानांना आकाशवाणीवरून सांगावे लागले, की असे काही कायद्यात नाही. करणाराचे नाव पडद्यावर यावे, अशी शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणाने फेब्रुवारी 2024 मध्ये केली. मायना परत येतो आहे म्हणायचा! पण तोतयाही नाव सांगूनच आला होता.

मुलीने मला त्या दिवसाबद्दल कधी बोल लावला नाही. मीच गेल्या वर्षी तिला सावध करायला गेलो, तेव्हा ती एवढेच म्हणाली, "बाबा, मी प्रत्येक फोन घेते." त्यावर आम्ही बापलेकींनी पुष्कळ वाद घातला आणि शेवटी आजीच्या दंडकावर तडजोड केली. झाकलेला नंबर लागोपाठ तिसऱ्यांदा वाजला तर उचलायचा. आपले नाव आपण सांगायचे नाही. पलीकडचा रुग्णालयाचे वा पोलिसांचे नाव घेईल, तर फोन ठेवून त्या ठिकाणचा नंबर स्वतः शोधून आपण उलट फोन करायचा. आणि कोणी माझ्या किंवा तिच्या आवाजात पैसे मागू लागला, तर आजीच्या घरातली एक गोष्ट विचारायची. ती कोणती, ते मात्र भरल्या सभागृहात सांगता येणार नाही.