मैदानास कुलूप लागलें तेव्हां

तालमींतला वस्ताद आपल्याकडे पूर्वीपासून आहे; परंतु शाळेसाठीं रीतसर तयार केलेला व्यायामशिक्षक ही विसाव्या शतकाची निर्मिति होय. १९१४ सालीं अमरावतीस वैद्य बंधूंनीं व्यायामप्रसाराचें कार्य आरंभिलें. १९२० सालीं मद्रासेस हॅरी क्रो बक यांनीं व्यायामशिक्षकांची शाळा काढली आणि १९३८ सालीं मुंबई सरकारनें कांदिवलीस तशीच संस्था उघडली. पुढें अशा संस्था वाढल्या. पण शिक्षणाची मुख्य साधनें तींच राहिलीं: मैदान, रांग, हुकूम आणि सोबती.

मद्रासच्या शाळेस शंभर वर्षें भरलीं त्याच वर्षीं या साधनांवर घाला आला. ११ मार्च २०२० रोजीं जागतिक आरोग्य संघटनेनें कोविडची साथ महामारी ठरविली व २५ मार्चपासून भारतांत टाळेबंदी सुरू झाली. वसतिगृहें ओस पडलीं, मैदानांस कुलुपें लागलीं. ज्यांनीं मुलांना धांवायला शिकवावयाचें, ते इवल्याशा पडद्यापुढें बसून धांवण्याचे धडे घेऊं लागले! विद्यार्थ्यांची हालचाल घटली व बैठक वाढली, असेंच त्या काळांतल्या देशोदेशींच्या बहुतेक पाहण्यांत दिसून आलें. ज्याचा सारा व्यायाम वेळापत्रकानें बांधलेला, त्याला तर गमावण्यासारखें इतरांहून अधिक होतें.

वास्तविक त्याच वर्षीं नोव्हेंबरांत संघटनेनें प्रौढांस सांगितलेला व्यायाम आठवड्यास १५० ते ३०० मिनिटांचा, तोहि मध्यम श्रमाचा. एवढ्यास मैदान कशाला हवें? औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं सूर्यनमस्काराचा प्रसार केला. त्याला अंगापुरती जागा पुरते. मात्र एका खोलींत पांच माणसें आणि उद्यांच्या अन्नाची विवंचना असतां जो थांबला, त्याला आळशी म्हणणें अन्यायाचें होईल. शिवाय खोखोचा डाव चालविणें किंवा मल्लखांबावरून घसरत्या मुलाला वेळींच सांवरणें, ही विद्या कोणत्याहि खोलींत साधत नाहीं.

तेव्हां दोन गोष्टी निराळ्या मानिल्या पाहिजेत. शिकविण्याची कला मैदानावरच येईल, आणि बुडालेले ते तास विद्यार्थ्यांस भरून देणें हें संस्थांचें कर्तव्य आहे. परंतु स्वतःचा व्यायाम शिटीवांचून चालूं राहील, अशी संवय लावणें हाहि शिक्षणाचाच भाग होय. शाळा सुटल्यावर मुलगा घरीं एकटाच असतो; तेथें त्याच्या उपयोगी पडेल तो धडा, गुरूनें स्वतः एकट्यानें गिरविलेला असावा.