बांधीतला प्लॉट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी अवतार. मी कोड लिहून पोट भरतो, वकील नाही. तेव्हा माझ्या भरवशावर प्लॉट घेऊ नका.

गोष्ट आमच्या काकांची. 2011 साली त्यांनी आरमोरीत 1500 चौरस फुटांचा प्लॉट घेतला, साध्या स्टॅम्पपेपरवर. विकणाऱ्याने धानाच्या बांधीत मुरूम टाकला, चुन्याच्या रेघा मारल्या आणि झालं 'लेआऊट' तयार. काकांनी घर बांधलं. पण सातबाऱ्यावर त्यांचं नाव अजून नाही आणि पावसाळ्यात अंगणात गुडघाभर पाणी.

पाणी का येतं हे कळायला मालगुजारीत जावं लागतं. तेव्हा चांदा जिल्हा मध्य प्रांतात होता. झाडीपट्टीतले मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, आपल्या ओळखीचे आहेतच. तलावाचं पाणी एका बांधीतून दुसऱ्या बांधीत उतरत जायचं. घरं मात्र आबादीत. 1917 च्या मध्य प्रांत जमीन महसूल कायद्याने शेतकऱ्याला आबादीत घरापुरती बिनभाड्याची जागा मिळण्याचा हक्क दिला होता. राहायची जमीन वेगळी, पिकायची वेगळी. (मालगुजार फार दयाळू होते असं मी म्हणत नाहीये हं!) 31 मार्च 1951 ला मालगुजारी संपली, आबादी सरकारकडे गेली. पुढे घरं वाढली, आबादी भरली आणि लोकांची नजर रस्त्याकडेच्या बांध्यांवर गेली.

आता तुकडेबंदी. हा कायदा 1947 चा, मुंबई प्रांताचा. विदर्भ तेव्हा त्या प्रांतात नव्हता, आपल्याकडे तो नंतर लागू झाला. वाटण्या होऊन होऊन शेत इतकं लहान होऊ नये की कसणंच परवडणार नाही, एवढाच त्याचा हेतू. मोडला तर व्यवहार रद्दबातल आणि दंड जास्तीत जास्त 250 रुपये. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती.

घरांच्या प्लॉटचे नियम दुसऱ्याच फायलीत आहेत. 1966 चा नगररचना कायदा आणि त्याच सालचा जमीन महसूल अधिनियम. पूर्वी अकृषक परवानगी लागायची. शिवाय रेखांकन मंजूर करा, रस्ते आणि नाल्या सोडा. 2020 च्या एकत्रित नियमावलीत 4000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीचं लेआऊट पाडताना 10 टक्के जागा मोकळी ठेवावी लागते. आता विकणाऱ्याच्या बाजूने हिशेब करा. एवढी जागा सोडण्यापेक्षा शेत शेत म्हणूनच तुकड्यांत विकलेलं स्वस्त पडतं. आमच्या भाषेत सांगायचं तर दोन टीमनी दोन मॉड्यूल लिहिले आणि मधली केस कोणीच हाताळली नाही. आमचे काका त्या मधल्या केसमध्ये राहतात.

मग माफीचा सिलसिला. 2001 चा गुंठेवारी कायदा आला, त्याची मुदत 2021 मध्ये वाढवून 31 डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामं त्यात घेतली. तुकडेबंदी मोडून झालेले व्यवहार आधी बाजारमूल्याच्या 25 टक्के भरून नियमित होत. 2024 मध्ये ते 5 टक्के झाले. 2025 च्या अध्यादेशाने तर शहरी भागांतल्या जुन्या तुकड्यांसाठी शुल्कच काढून टाकलं.

चांगलं झालं. आयुष्यभराची कमाई घातलेल्या माणसाला कागद मिळालाच पाहिजे. माझी तक्रार एवढीच की प्रत्येक माफीने आधी नोंद दुरुस्त होते, नाली मागेच राहते. काकांच्या ओळीत मोकळी जागा उरलेलीच नाही, शेवटची पट्टीसुद्धा विकली गेली. मी मोठ्या उत्साहाने त्यांना अध्यादेश समजावला, तर म्हणाले, "कागद आला त पानी जाईल का बापू?"

मी गाव नकाशा काढून पाहिला. जुन्या पाण्याची रेघ त्यावर स्पष्ट दिसते. ती काकांच्या स्वयंपाकघराखालून जाते.